धुतलेला पाइप

एल्डन पोलमन नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून होता, आणि पाण्याने एखादी वस्तू बिघडते ही कल्पनाच त्याला मान्य नव्हती. पुढचं सगळं रामायण यातून घडलं.

त्याचे सासरे गस बोर्गमायर यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. इस्पितळाच्या दारात त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, तेव्हा त्यांनी खिशातून पाइप काढला, नर्सकडे पाहिलं, स्वतःच्या मुलीकडे पाहिलं, आणि दोघींचाही भरवसा नाही असं ठरवून तो जावयाच्या हातात दिला.

"सांभाळ," ते म्हणाले. "व्हर्नाच्या हाती लागू देऊ नकोस. फेकून देईल."

"मी इथेच उभी आहे, बाबा," व्हर्ना म्हणाली.

"म्हणून तर तुझ्यादेखत सांगतोय."

वरवर पाहता यात काही विशेष नाही. पण लग्न झाल्यापासून गस बोर्गमायर यांनी एल्डनच्या हातात विश्वासाने काही दिलं, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. ते जन्मभर मिसूरी नदीकाठच्या या गावात मटणाचं दुकान चालवत आले होते, आणि एल्डन पडला सेंट लुईससारख्या मोठ्या शहराचा. सेंट लुईसचा माणूस म्हणजे प्लास्टिकमधलं सॉसेज विकत घेणारा माणूस, असा त्यांचा ठाम समज होता. एल्डन गाडी मागे घ्यायला लागला की ते दोन्ही हात वर करून गाडीच्या मागे उभे राहत. गवत कापायचं यंत्र त्यांनी कुलपात ठेवलं होतं. अशा माणसाने भर इस्पितळात आपल्याला पाइप सोपवावा, याने एल्डन इतका भारावला की त्याने तो घरापर्यंत दोन्ही हातांत धरून आणला. गाडी व्हर्नाने चालवली.

पाइप मक्याच्या बुरकुंडाचा. दाणे काढलेलं कणीस वाळवायचं, आतून कोरून वाटी करायची, बाहेरून प्लास्टरने खड्डे बुजवायचे आणि बुडाशी लाकडाची दांडी खुपसायची, झाला पाइप. गावातल्या विटांनी बांधलेल्या जुन्या कारखान्यात ते ढिगाने होतात आणि हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या शेजारी मिळतात. त्यांची किंमत एक कप कॉफी आणि पाईच्या तुकड्याच्या आसपास. इतर लोक जळका झाला की फेकतात आणि नवा घेतात. गस मात्र एकच पाइप वर्षानुवर्षं जपत आले होते. त्यांचं म्हणणं, बुरकुंड म्हणजे पाइप नव्हे. आत हळूहळू चढलेला काळा थर म्हणजे पाइप. बुरकुंड फक्त त्याला धरून ठेवतं.

हे त्यांनी जेवणाच्या टेबलावर कितीदा तरी सांगितलं होतं. एल्डनने ऐकलं नव्हतं, कारण त्या वेळी त्याचं लक्ष सासरे हॅम कसं कापतात याकडे असे. कधीतरी आपली पाळी येईल म्हणून.

घरी आल्यावर एल्डनने पाइप खिडकीशी उजेडात धरला आणि त्याला तो अतिशय घाणेरडा दिसला. काळा, चिकट, आतून पार बरबटलेला. सासरे बरे होऊन येतील तेव्हा हा चकचकीत करून त्यांच्यापुढे ठेवायचा, असा एक उदात्त विचार त्याच्या मनात आला. त्याने लोण्याच्या सुरीने आतला थर खरवडून काढला. मग गरम पाण्यात भांडी घासायचा साबण फेसवून त्यात पाइप बुडवला आणि बेसबॉलचा सामना बघायला बसला. कार्डिनल्स जिंकले, एवढंच त्या दिवशी चांगलं झालं.

व्हर्ना स्वयंपाकघरात आली तेव्हा पातेल्यातलं पाणी कॉफीच्या रंगाचं झालं होतं. पाइपची वाटी सूपमधल्या पावासारखी फुगली होती आणि तिचं बूड सुटून तळाशी बसलं होतं.

"हे काय आहे?"

"बाबांचा पाइप. धुतोय."

व्हर्नाला त्या पाइपचा मनापासून तिटकारा होता. त्याच्या वासाने पडदे बदलावे लागतात, असं ती चारचौघांत सांगे. पण ती या गावची लेक होती. ती खुर्चीवर बसली आणि, मांजराला इस्त्री करत नाहीत हे लहान मुलाला ज्या आवाजात सांगावं, त्या आवाजात म्हणाली, "एल्डन, पाइप धूत नाहीत."

"साबण सौम्य होता."

"डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना तुला? जड उचलायचं नाही, जोरात खोकायचं नाही, आणि मनाला धक्का बसेल असं काही घडता कामा नये. टाके सुटतील म्हणाले. बाबा शनिवारी घरी येताहेत."

एल्डनने पातेल्यात पाहिलं. भांड्यांच्या साबणाने सासऱ्याचा जीव घेणारा मिसूरीतला पहिला जावई, अशी आपली नोंद होणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. एवढं एकच स्वच्छ झालं होतं.

शेजारचा क्लीटस केम्पर कुंपणावरून आला. बातमी त्याला कशी कळली हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्या आळीत बातम्या कुंपणाच्या फटीतून जात. क्लीटसने पातेल्याजवळ येऊन टोपी काढली आणि थोडा वेळ मान खाली घालून उभा राहिला.

"गेला," तो म्हणाला.

"काही करता येईल का?"

"याचं? मागच्या अंगणात पुरता येईल." क्लीटसने टोपी पुन्हा घातली. "पण तोंडात धरायचा तुकडा वाचलाय. गसच्या दातांची खूण आहे बघ त्याच्यावर. नवा पाइप आण, हा तुकडा त्याला लाव, आणि शनिवारच्या आत ओढून ओढून जुना कर. सगळे पाइप सारखेच दिसतात."

"पण मी ओढत नाही."

"मग शीक. लोक पोहायला शिकतात."

हार्डवेअरच्या दुकानदाराने पाइप कागदात गुंडाळताना विचारलं, "कुणासाठी?" एल्डन म्हणाला, "माझ्यासाठी." तो घरी पोचायच्या आत समोरच्या मिसेस ओबरहाउस ऱ्हुबार्बची घरी भाजलेली गोड पाई घेऊन त्याच्या पायरीवर उभ्या होत्या.

"एल्डन, बाळा," त्या म्हणाल्या, "नोकरी गेली का?"

"नाही हो."

"मग व्हर्नाशी काही बिनसलंय?"

"काही बिनसलेलं नाही, मिसेस ओबरहाउस."

"चांगला संसारी माणूस या वयात उगाच तंबाखूला हात लावत नाही. आमच्या फादरशी बोलशील का? तू लुथरन पंथाचा आहेस ते ठाऊक आहे मला. ते चालवून घेतात."

शेवटी त्याला खरं सांगावं लागलं. मिसेस ओबरहाउस यांनी पाई तशीच हातात धरून डोळे मिटले. मग त्या एकदम कामाला लागल्या, कारण त्यांचे दिवंगत यजमान पाइप ओढत आणि त्या विषयात आपल्याला जे ठाऊक आहे ते क्लीटसच्या सात पिढ्यांना ठाऊक नाही, असं त्यांचं मत होतं. नव्या वाटीला आतून बोटाने मध फासायचा. मधावर राख लवकर धरते आणि थर झरझर चढतो.

क्लीटसला हे कळलं तेव्हा तो दुखावला. "मध? पाइपला? ती काय पाव भाजतेय? बुडाशी राखेचा चिखल थापायचा. दांडीचं टोक आत येतं ना, ते झाकलं जातं. नाहीतर पहिल्या झुरक्याला ओल्या सरपणाचा धूर तोंडात येतो."

"चिखल?" मिसेस ओबरहाउस म्हणाल्या. "चिखल हा केम्परांच्या घरात सगळ्यावरच असतो."

दोघांची जुनी भांडणं होती. चर्चच्या पिकनिकमध्ये बटाट्याच्या सॅलडवरून काहीतरी झालं होतं आणि ते पुन्हा उकरून काढलं जाण्याची चिन्हं दिसू लागली. आळीत शांतता नांदावी म्हणून एल्डनने बुडाशी राखेचा चिखल थापला, वर मध फासला, आणि पाइप वाळायला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. शहाणा माणूस दोन्ही पक्षांचं ऐकतो, असा त्याचा हिशेब. सकाळी उठून पाहतो तर पाइपात मुंग्या. इकडून तिकडे जाणाऱ्या नव्हेत, तर संसार थाटायला आलेल्या. मधातून चिखलात आणि चिखलातून दांडीत त्यांनी रस्ता पाडला होता, आणि त्या सामान आणत होत्या.

त्याने मुंग्या झटकल्या, पाइप भरला, मागच्या पायरीवर बसून काडी लावली. सगळ्या मुंग्या झटकल्या गेल्या नव्हत्या.

तो अनुभव कसा होता हे एल्डनने पुढे कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी पाणीखात्याच्या खिडकीशी तो बसला तेव्हा त्याचा चेहरा हिरवट होता. बिल भरायला आलेल्या एका बाईने विचारलं की गावच्या पाण्यात काही दोष निघालाय का. हो की नाही हे सांगण्यासाठी तोंड उघडणं त्याला धोक्याचं वाटलं. तो नुसता बघत राहिला. तीन आळ्यांनी त्या दिवशी पाणी उकळून प्यालं.

दुपारी साहेबांनी बोलावून घेतलं. "पोलमन, प्रश्न विचारल्यावर असं बघत राहायचं नसतं. आपण पाणीखातं आहोत. लोक आपल्याला पितात."

शुक्रवार उजाडला तेव्हा पाइपात जेमतेम करडी छटा आली होती. व्हर्नाने तो उजेडात धरून बघितला. "इतका पांढरा, हा तर बाप्तिस्म्यालाही चालेल," ती म्हणाली आणि वडिलांच्या खोलीतल्या चादरी बदलायला निघून गेली. जाताना एकदा थांबून म्हणाली, "एल्डन, मला बाबा हवे आहेत. पाइपचं काय ते तू बघ." हे ती हसत म्हणाली असती तर बरं झालं असतं.

एल्डन घाबरला. आणि माणूस घाबरला की त्याला यंत्रं सुचतात. त्याने कोठीतून व्हॅक्यूम क्लीनर काढला, गॅरेजमध्ये नेला, नळीच्या तोंडाला पाइपची दांडी चिकटपट्टीने घट्ट बसवली, वाटीत तंबाखू ठासली, काडी लावली आणि बटण दाबलं. यंत्राला मळमळत नाही, हा त्यातला मुद्दा होता.

मुद्दा बरोबर होता. व्हॅक्यूम क्लीनरने असा काही झुरका घेतला की तो घेण्यासाठी गस बोर्गमायर यांना पूर्ण उन्हाळा लागला असता. वाटी लालभडक झाली. एल्डन आनंदाने जवळ वाकून बघू लागला. पाइपातला निखारा त्या वेळी नळीतून प्रवास करत होता, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला व्हर्नाने वसंतात साफ केलेल्या घराची सगळी धूळ, कुत्र्याचे केस आणि ख्रिसमसच्या झाडाच्या वाळक्या काड्या एका कागदी पिशवीत त्याची वाट बघत होत्या.

गॅरेजच्या दाराखालून धूर निघाला तो करडा होता, मग पिवळा झाला. समोरून मिसेस ओबरहाउस यांनी बघितलं आणि अग्निशमन दलाला फोन केला. फोनवर त्यांनी, एल्डनने निराशेच्या भरात स्वतःला पेटवून घेतलंय, असं सांगितलं. गावाचं दल स्वयंसेवकांचं. सगळे आपापला धंदा सोडून आले आणि बंब घंटा वाजवत अंगणातल्या गवतावर चढला. दलाचा प्रमुख लँबर्ट श्वेगमन, एरवी बेकरीवाला, पिठाच्या हातांनीच खाली उतरला. एल्डन गॅरेजच्या बाहेर उभा होता. त्याच्या भुवया थोड्या कमी झाल्या होत्या. पाइप त्याच्या हातात होता.

व्हॅक्यूम क्लीनर विझवण्यात आला. त्याला बराच वेळ पाणी मारलं. पाणीखात्याच्या माणसासमोर पाणी मारायला मिळतंय म्हणून त्यांनी जरा जास्तच मारलं.

"परवाना आहे का?" लँबर्टने विचारलं.

"कसला?"

"उघड्यावर काही जाळायचं तर परवाना लागतो. किती एकर जाळणार ते लिहावं लागतं."

"एकर नाही. एक पाइप."

लँबर्टने विचार केला. "पाव एकराच्या खालचा परवाना आमच्याकडे निघत नाही."

"मग पाव एकर लिही."

"पाव एकराला दोन साक्षीदार लागतात आणि वाऱ्याची दिशा लागते." त्याने बोट ओलं करून हवेत धरलं. मग त्याची नजर पाइपवर गेली. "हा कुणाचा?"

एल्डनने सगळं सांगितलं. साबणापासून. दलाचे लोक हेल्मेट काढून ऐकत उभे राहिले. त्यांच्यातल्या प्रत्येकाने लहानपणी गस बोर्गमायर यांच्या दुकानात वडिलांबरोबर उभं राहून फुकट मिळालेला सॉसेजचा काप खाल्ला होता. त्या माणसाचे टाके सुटणार होते.

"आण इकडे," लँबर्ट म्हणाला.

गॅरेजमध्ये रंगाचे डबे उलटे टाकून सगळे बसले. पाइप हातोहात फिरू लागला. प्रत्येक जण हलकेच ओढी, विझू देई, राख झटकून वाटीत अंगठ्याने चोळी आणि पुढच्याला देई. घाई नाही, व्हॅक्यूम नाही. कुणी बटाट्याच्या सॅलडचा विषय काढला नाही. क्लीटस कुंपण ओलांडून आला आणि मिसेस ओबरहाउस उरलेली पाई घेऊन आल्या, आणि वाटीतला राखेचा चिखल आणि मध दोन्ही जळून एक झालेत हे बघून दोघांनाही आपलंच खरं ठरल्याचं समाधान मिळालं. संध्याकाळी पाइपला बऱ्यापैकी काळेपणा आला. एल्डनने जुना, दातांच्या खुणेचा तुकडा त्याला बसवला. चार पावलांवरून बघितलं तर तोच पाइप होता. जवळून बघितलं तर त्याला बेकरीचा वास येत होता.

शनिवारी गस बोर्गमायर घरी आले. ते हळूहळू चालत आले, स्वतःच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी हात पुढे केला. व्हर्नाने वडिलांच्या पोटाकडे पाहिलं. एल्डनने पाइप पुढे केला. त्याला आठवलं की या माणसाने आयुष्यभर नुसत्या वासावरून हॅम कुठल्या लाकडाच्या धुरात टांगलं होतं ते ओळखलं आहे.

गसनी पाइप तळहातावर तोलला. नाकाशी नेला. खूप वेळ तसाच धरला. एल्डनला त्या वेळात स्वतःची बदली, घटस्फोट आणि सासऱ्यांचा अंत्यविधी असं सगळं दिसून गेलं. अंत्यविधीत लोक त्याच्याकडे बघत होते.

"डॉक्टर म्हणाला, बंद," गस म्हणाले. "खोकला आला तर शिवण उसवेल. पाइप कायमचा बंद."

व्हर्नाने सुटकेचा श्वास टाकला. एल्डनच्या अंगात इतक्या दिवसांनी रक्त फिरलं. तो बसलासुद्धा.

"म्हणून आता हा तू ओढायचा," गस म्हणाले आणि पाइप त्याच्या हातात परत ठेवला. "एवढ्या वर्षांचा थर आहे त्याच्यात. रोज ओढला नाही तर मरेल. मी शेजारी बसेन. मला वास तरी मिळेल."

तेव्हापासून रोज जेवणानंतर जावई आणि सासरा पुढच्या व्हरांड्यात बसू लागले. एल्डन ओढी आणि गस नाक वर करून वाट बघत. पाइप अजून कच्चाच होता. धूर कडू येई, वाटी तापून हात भाजे, मध्येच विझे.

"छे," गस म्हणत. "मी ओढायचो तेव्हा अक्रोडाचा वास यायचा. तुझा टायर जाळल्यासारखा येतो."

"पाइपच जरा..."

"पाइपला काही झालेलं नाही. पाइप उत्तम आहे. ओढणाऱ्यात दम नाही. किती घाई करतोस. आग विझवायची आहे का तुला?"

एल्डन पुन्हा काडी लावी. खरं सांगायचं तर टाक्यांचा प्रश्न होता, आणि न सांगायचं तर स्वतःच्या अब्रूचा. अब्रू रोज थोडी थोडी जात होती. टाके एकदम गेले असते. क्लीटस कुंपणावर हात टेकून हे ऐके आणि म्हणे, "अगदी बरोबर, गस. पूर्वीचा पाइप कसा होता, वा." मिसेस ओबरहाउस झाडांना पाणी घालताना मान डोलवत. अग्निशमन दलाचा माणूस गाडीवरून जाता जाता हॉर्न वाजवी. अवघ्या गावाला ठाऊक होतं की पाइप नवा आहे, आणि अवघं गाव एल्डनच्या ओढण्यात दोष काढत होतं.

उन्हाळा सरला. नदीवरून गार वारा येऊ लागला, कारखान्याच्या शेडमध्ये नव्या बुरकुंडांचे ढीग येऊन पडले. एल्डन तंबाखू तीन थरांत भरायला शिकला, खालचा सैल, वरचा घट्ट. ओढून झालं की पाइप गार होईपर्यंत दांडी उपसायची नाही हे शिकला. दांडीतून तार फिरवायला शिकला. राख अंगठ्याने चोळायची हे त्याला आधीच माहीत होतं. पाण्याचा थेंब दिसला की तो दचके. ऑफिसात नळ गळत असला तर खिसा हाताने झाके.

एके संध्याकाळी गसनी नाक वर केलं आणि डोळे मिटून घेतले. एल्डनला वाटलं, झोप लागली. मग त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "अक्रोड."

एल्डनने झुरका थांबवला.

"थांबू नकोस. जमलंय." गसनी पुन्हा वास घेतला. "मी व्हर्नाच्या आईला म्हणायचो, सेंट लुईसचा असला तरी शिकेल. ती म्हणायची, नाही शिकणार. आज हे बघायला ती असायला हवी होती."

लग्नापासून आजवर मिळालेली ही पहिली शाबासकी होती, आणि एल्डनला ती कुठे ठेवावी कळेना. आता खरं सांगितलं तर शाबासकी मुरत आलेल्या पाइपला जाणार होती. न सांगितलं तर उन्हाळाभराच्या शिव्या कायमच्या आपल्या नावावर राहणार होत्या. पाणीखात्यातल्या माणसाला दोन्ही बाजूंनी गळती दिसत होती. त्याने तोंड उघडलं.

"बोलू नकोस, विझेल," गस म्हणाले. ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. टाके कधीच भरले होते. "मी आत जाऊन टीव्ही बघतो. तुझ्याशेजारी आता बसायची गरज नाही. चालू दे तुझं."

जाळीचं दार त्यांच्यामागे बंद झालं. व्हरांड्यात एल्डन एकटाच राहिला. क्लीटसच्या घरात दिवे लागले होते. समोर मिसेस ओबरहाउस यांनी पडदा ओढून घेतला. पाइप ओढायला सांगणारं आणि ओढताना बघणारं आता कुणीही उरलं नव्हतं. राख गुलाबांत झटकून तो सुखाने आत जाऊ शकत होता.

नदीकडून वारा आला आणि वाटीतला निखारा फिकट झाला. एल्डन खुर्चीसकट फिरला, वाऱ्याकडे पाठ केली, आणि दोन्ही हातांचा आडोसा करून वाटीवर वाकला.